प्रिंडलच्या नावाचा ठसा

मेहिटेबल प्रिंडल माझी शेजारीण. तिच्या दुकानाची मागची भिंत आणि माझ्या पावभट्टीची मागची भिंत एकच होती. माझा नवरा ऑरिन कालव्याचं दार उघडायचा-लावायचा, आणि दोन दारांमधल्या हौदात पाणी चढेपर्यंत बोट खोळंबली की मी बोटवाल्यांना पाव, चीज आणि आल्याचा केक विकायची. भिंतीपलीकडून दिवसभर कानशीचा आवाज यायचा. कानस कोणाच्या हातात आहे ते मला न बघता कळायचं. अल्वाची घाईत चालायची, मध्येच थांबायची. मेहिटेबलची एका लयीत चालायची.

अल्वा प्रिंडल तिचा नवरा, आमच्या वेल्टन बेसिनचा बंदूकवाला. दिसायला देखणा, बोलायला गोड आणि स्वतःच्या नावावर भारी जीव. रॉचेस्टरहून त्याने आपल्या नावाचा पोलादी ठसा कोरून आणला होता. बंदुकीच्या नळीवर तो मारायचा, त्यात काही विशेष नाही, सगळेच बंदूकवाले मारतात. पण अल्वा हाती येईल त्या नाण्यावरही मारायचा. तांब्याचा सेंट असो की झिजलेली स्पॅनिश चांदी, ऐरणीवर ठेवायची आणि डाव्या हाताने हातोड्याचा एक ठोका. झालं. नाण्यावरच्या बाईच्या गालावर ‘ए. प्रिंडल’ उमटायचं. मग ते नाणं सुट्ट्या पैशांत बोटवाल्याच्या हातावर. दुकानाची पाटी एका जागी लटकून राहते, तो म्हणायचा, माझी पाटी बफेलोपासून ऑल्बनीपर्यंत लोकांच्या खिशात बसून फिरते. किराणावाले डीकन विक्स चर्चच्या कारभारातले, पुढच्या बाकावर बसणारे. त्यांना हा माज वाटायचा. तरी नाणी ते घ्यायचे.

सन अठराशे पन्नासच्या वसंतात अल्वा कॅलिफोर्नियाला निघाला. सोनं खणायला नाही, खणणाऱ्यांना बंदुका विकायला. निम्मं गाव धक्क्यावर आलं होतं. बोटीवर चढताना त्याने जाकिटाच्या खिशातून तो ठसा काढला, सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला, “बाकी सगळं इथेच आहे. नाव तेवढं बरोबर नेतोय.” लोक हसले. मेहिटेबल हसली नाही. बोट वळणाआड गेली तशी ती दुकानात परतली आणि भिंतीपलीकडून कानस सुरू झाली.

त्यानंतर अल्वाची काही खबर नाही. पहिलं वर्ष लोक विचारायचे, मग विचारेनासे झाले.

मेहिटेबल बंदूकवाल्याचीच लेक. तिचा बाप टेफ्ट डोंगराकडच्या गावात बंदुका करायचा आणि त्याला मुलगा नव्हता. चापाची कमान घडवणं, तिला पाणी देणं, अक्रोडाचा दस्ता घासून आरशासारखा करणं, नळीला तपकिरी गंज चढवणं, सगळं ती लग्नाआधीच शिकली होती. अल्वा असतानाही निम्मं काम तिचंच होतं. हे मला ठाऊक होतं, कारण मला आवाज यायचे. बाकी गावाला ठाऊक नव्हतं. म्हणून तो गेल्यावर तिने बंदूक पुढे ठेवली की शेतकरी ती उलटीपालटी करायचे, नळीवर नाव शोधायचे, आणि नाव नाही म्हटल्यावर हळूच परत ठेवून द्यायचे.

मग दुसऱ्या वर्षी तिच्या बंदुकांवर नाव दिसायला लागलं. ‘ए. प्रिंडल.’ गिऱ्हाइकं परत आली. अल्वाने जाण्याआधी करून ठेवलेला माल असेल, अशी त्यांची समजूत झाली आणि तिने ती खोडली नाही.

गाडं अडलं ते एका सेंटावरून. डीकन विक्सांच्या गल्ल्यात एक कोरा करकरीत सेंट आला. त्यावर अल्वाचं नाव आणि खाली टांकसाळीचं साल एक्कावन. अल्वा गेला पन्नासमध्ये. डीकननी तो सेंट गल्ल्यातून वेगळा काढला, काउंटरवर ठेवला आणि येईल त्याला दाखवायला सुरुवात केली. स्वतः काही बोलायचे नाहीत. फक्त सालावर बोट ठेवायचे आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचे.

बघता बघता गावात तीन तट पडले. काही म्हणाले, अल्वा परत आलाय आणि घरातच लपलाय. काही म्हणाले, तो चोरून आला होता, पण जिवंत परत गेला नाही. ठसा त्याच्याकडे होता, तो हिच्याकडे आला कसा? आणि काहींचं म्हणणं त्याहून वाईट. तो पुढच्याच धक्क्यावर उतरून रात्रीचा घरी आला, हिने त्याला संपवला, आणि कॅलिफोर्निया वगैरे सगळी बतावणी. अल्वा गेला त्याच वसंतात तिने घरामागची जुनी विहीर बुजवली होती. चामड्याच्या कारखान्याचं पाणी झिरपून ती नासली होती, आम्हा दोघींनाही पाणी दुसरीकडून आणावं लागायचं. पण हे आता कोणाला आठवेना. विहीर बुजवली एवढंच आठवायचं.

मी तिला सरळ विचारलं. म्हटलं, “अगं, तो ठसा आला कुठून? एकदाचं सांगून टाक, लोकांची तोंडं बंद होतील.”

“ठसा आहे म्हणून मारते,” ती म्हणाली आणि विषय तिथेच तुटला.

खरं सांगायचं तर मलाही तेव्हा बरं वाटलं नाही. पाव मळताना भिंतीपलीकडचा आवाज ऐकत राहायची आणि नको ते मनात यायचं.

सेंटाची गोष्ट लायन्स गावात फायलोच्या कानावर गेली. फायलो अल्वाचा धाकटा भाऊ, घोड्यांचे साज शिवायचा. लोक म्हणाले, दुकानावर डोळा ठेवून आला. मला तसं वाटलं नाही. त्याचा भावावर जीव होता. लहानपणी अल्वाने त्याला बर्फ फुटलेल्या तळ्यातून ओढून काढलं होतं, ते तो भेटेल त्याला सांगायचा. माझ्याकडून पाव घेतानासुद्धा त्याने ते सांगितलं, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, “वहिनी तुमच्याशी कधी काही बोलली का?” मी नाही म्हटलं. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीही त्यात आहे.

फायलोने अर्ज दिला आणि गावचे न्यायाधीश ट्रेडवेल यांनी विहीर उकरायला परवानगी दिली. शिपाई आला, मजूर आले, आणि कुंपणापाशी आख्खं गाव उभं. बायका जेवणाचे डबे घेऊन आल्या होत्या. मेहिटेबल मागच्या दारातून एकदा बाहेर बघून आत गेली आणि कानस चालू झाली. तेही लोकांना खटकलं. रडली असती तर म्हणाले असते, नाटक करते.

विहिरीतून फुटक्या नळ्या निघाल्या, भट्टीची राख निघाली, आणि तळाशी चामड्याचा एक ॲप्रन निघाला. त्यावर काळपट तपकिरी डाग. कुंपणापाशी माणसं पुढे रेटली. फायलोने तो ॲप्रन दोन्ही हातांत धरून दुकानाच्या दारात नेला.

“हे काय आहे, वहिनी?”

मेहिटेबलने ॲप्रन घेतला, उजेडात धरला. “नळीला लावायचा गंज आहे, भावजी. तुमच्या भावाला हात पुसायला फडकं कधी सापडलं नाही.”

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मजुरांनी खालचा दगड लागेपर्यंत उकरलं. माणूस काही निघाला नाही.

त्याने संशय कमी व्हावा की नाही? उलट वाढला. विहिरीत नाही म्हणजे कालव्यात. थंडीत कालव्याचं पाणी सोडून देतात, तळाचा चिखल उघडा पडतो. त्या वर्षी माणसं काठ्या घेऊन तळातून फिरली. बूट सापडले, मेलेलं खेचर सापडलं, फुटक्या बरण्या सापडल्या. मग म्हणायला लागले, भट्टी आहेच की तिच्याकडे, एवढी मोठी. ते ऐकल्यावर मी दोन दिवस जेवले नाही.

पाद्रीबाईंनी तिला गोधड्या शिवायला बोलावणं बंद केलं. लांबून येणारी गिऱ्हाइकं तेवढी उरली. तिच्या हातून आलेलं नाणं डीकन विक्स चिमट्याने उचलल्यासारखं उचलायचे, दोन्ही बाजू बघायचे, आणि ठसा असला की परत सरकवायचे. ती दुसरं द्यायची.

चोपन्न सालचा हिवाळा तोंडावर आला. कालवा बंद होण्याआधीची धावपळ चालली होती. पश्चिमेकडून पीठ घेऊन आलेल्या एका बोटीवरचा माणूस घाईने पाव आणि चीज घेऊन गेला आणि अर्धा डॉलर टाकून गेला. मी तो पेटीत टाकणार, तेवढ्यात बोटाला काहीतरी खरबरीत लागलं. बघते तर गरुडाच्या छातीवर आडवं नाव, ‘ए. प्रिंडल’. उलटं केलं. साल त्रेपन्न.

मी तशीच पिठाच्या हातांनी बाहेर धावले. बोट दारातून अजून निघाली नव्हती. त्या माणसाला विचारलं, हे नाणं कुठलं? तो म्हणाला, बफेलोला मिशिगनच्या एका गहूवाल्याने दिलं. खोटं आहे का, बाई? मी म्हटलं, खोटं नाही. दार उघडलं आणि बोट गेली.

डीकनकडे जावं की मेहिटेबलकडे, हा प्रश्न मला पडला, हे मी लपवत नाही. पण पाय तिच्या दारात गेले.

तिने हातातलं काम ठेवलं. नाणं खिडकीपाशी नेलं. बराच वेळ बघत होती. मग स्टुलावर बसली.

“हा त्याचा आहे,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“माझ्या ठशात ‘प्रिंडल’मधल्या इंग्रजी ‘आर’चा पाय धड आहे. याच्यात तुटलाय. त्याने ठसा ऐरणीवर पाडला होता, तेव्हाचा. आणि नाव बघ कसं कललंय. डावखुरा ठोका आहे.” ती थांबली. “जिवंत आहे, लोव्हिना. खाऊनपिऊन ठणठणीत. ठोका बघ, हात थरथरलेला नाही.”

मी म्हटलं, तुझ्या ठशात म्हणजे काय? तेव्हा तिने सगळं सांगितलं. बिननावाची बंदूक कोणी घेईना, तेव्हा तिने जुनी कानस मऊ करून तिचं टोक तासलं, अल्वाच्या जुन्या सेंटासमोर आरसा धरला, आणि आरशात दिसतील तशी उलटी अक्षरं पोलादात कोरली. ‘आर’चा पाय मुद्दाम धड केला. नवीन करायचा तर मोडका कशाला करायचा, असं तिला वाटलं. मग पाणी देऊन पहिला ठोका हाताशी होता त्या सेंटावर मारून बघितला. तो चांगला उमटला म्हणून आणखी मारले. तोच पहिला सेंट डीकनच्या गल्ल्यात गेला.

“मग सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? की या बंदुका बाईने केल्यात? खून केला म्हणून लोक लांबून बघतात, पण बंदूक घेतात. हे सांगितलं असतं तर बंदूकही घेतली नसती.”

मी म्हटलं, आता तरी चल, ट्रेडवेलसाहेबांना दाखवू. ती हसली, पण हसण्यात काही गोड नव्हतं. ते म्हणतील, ठसा तुझ्याकडे आहे, नाव तुझ्याकडे आहे, हेही तूच मारलंस. आणि तरीही ती उठली, अंगावर शाल घेतली, आणि ठसा रुमालात बांधला. चार वर्षं नवऱ्याची वाट बघितलेली बाई तेवढ्या वेळात कुठेतरी गेली होती. ती आता कोणाची वाट बघत नव्हती.

ट्रेडवेलसाहेबांच्या बैठकीत डीकन आले, फायलोलाही लायन्सहून बोलावून घेतलं. मेहिटेबलने ठसा टेबलावर ठेवला. म्हणाली, हा मी केलाय. एक्कावनपासूनच्या सगळ्या बंदुका मी केल्यात. त्या आधीच्याही निम्म्या मीच केल्यात. कोणाची फुटली असेल तर घेऊन या.

डीकनचं तोंड उघडंच राहिलं, कारण त्यांच्या स्वतःच्या भिंतीवरची बंदूक बावन्नमधली होती.

ट्रेडवेलसाहेबांनी तिला सर्वांसमोर एका सेंटावर ठोका मारायला लावला. मग तो आणि अर्धा डॉलर शेजारी-शेजारी ठेवून भिंगातून बघितले. मग डीकननी बघितले. मग फायलोने. अक्षरं वेगळी होती, त्यात वाद नव्हता. मी शपथेवर सांगितलं की नाणं बोटवाल्याकडून माझ्याच हातात आलं.

फायलो भिंग ठेवून म्हणाला, “ज्या हाताने धड पायाचा ‘आर’ कोरला, त्या हाताला मोडक्या पायाचा कोरता येत नाही का? आणि एखाद्या बोटवाल्याच्या हातात नाणं देऊन, जा, शेजारणीकडून पाव घे, म्हणायला कितीसा वेळ लागतो?”

ट्रेडवेलसाहेबांनी एवढंच ठरवलं, यापुढे कोणी काही उकरायचं नाही. फायलो म्हणाला, मी उकरणार नाही. मी मिशिगनला जाऊन बघतो.

घरी आले, पण फायलोचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. तो बोटवाला मी आधी कधी बघितला नव्हता. तिच्यासारखा हात कोणाचा नाही, हे मलाच आधीपासून ठाऊक होतं. मग मीच तिची भोळी साक्षीदार झाले की काय? थंडीभर हा किडा मला पोखरत राहिला. शेवटी एक दिवस तिच्या चुलीशी कॉफी पिताना मी बोलून गेले. म्हटलं, मेहिटेबल, ते नाणं खरंच त्याचं होतं ना?

तिने कप खाली ठेवला. चिडली नाही. “मला खोटा नवराच बनवायचा असता, लोव्हिना, तर मेलेला बनवला असता. विधवेला दुकानाचा तिसरा हिस्सा मिळतो. टाकलेल्या बाईला काय मिळतं?”

मग तिने आणखी कॉफी ओतली आणि आम्ही दुसरं काहीतरी बोललो.

कालवा उघडला आणि फायलो पश्चिमेला गेला. परत आला तो उन्हाळ्यात. मी दारातच होते. माझ्याकडे न बघता तो सरळ बंदुकीच्या दुकानात शिरला, आणि मी हात पुसत मागोमाग गेले. मला थांबवायचं कोणाला सुचलं नाही. टोपी हातात घेऊन तो उभा राहिला.

“भेटला,” तो म्हणाला. “कॅलामझू नदीच्या काठी. दुकान आहे, पाटी आहे. घरात बाई आहे, वहिनी. कडेवर पोर आहे.”

मेहिटेबलने मान हलवली. “तुम्हाला बघून काय म्हणाला?”

फायलोचा चेहरा वाकडा झाला. “ती बाई विचारत होती, हा कोण? तर तो म्हणाला, ओळखत नाही. पूर्वेकडे माझं कोणी नाही म्हणाला. मला. माझ्या तोंडावर.”

त्याला रडू फुटलं. एवढा मोठा माणूस, साजाच्या वादीसारखा चिवट, आणि ऐरणीला टेकून पोरासारखा रडत होता. मेहिटेबलने त्याच्यापुढे स्टूल सरकवलं. म्हणाली, बसा, भावजी, काही खाल्लंत का? मी पाव आणायला गेले.

ट्रेडवेलसाहेबांनी मार्ग दाखवला. नवऱ्याने दुसरं घर मांडलंय आणि बघणारा साक्षीदार आहे, तर काउंटीच्या कोर्टात घटस्फोट होतो. साक्षीदार होता फायलो. ज्याने तिची विहीर उकरली, तोच कोर्टात उभा राहिला आणि जे बघितलं ते सगळं सांगितलं. घटस्फोट झाला, दुकान आणि घर तिच्या नावावर झालं. अल्वाला कळवलं होतं, पण तो आला नाही.

गावाने माफी वगैरे मागितली नाही. काहींनी बंदुका परत आणल्या, बाईने केलेली नको म्हणून. तिने त्या घेतल्या आणि त्यातल्या बहुतेक पुढच्या हंगामात दुसऱ्यांना विकल्या. डीकन विक्सांनी आपली भिंतीवरचीच ठेवली, पण त्याबद्दल बोलायचे नाहीत. आणि काही जण आहेत, जे अजूनही मान हलवतात. म्हणतात, फायलोलाही तिने वळवलंच असेल. जिने हुबेहूब ठसा कोरला ती काय करणार नाही! त्यांना मी उत्तर देणं सोडून दिलंय.

तिने नवीन ठसा कोरला, स्वतःचं पहिलं अक्षर आणि बापाचं आडनाव, ‘एम. टेफ्ट’. सत्तावनला सरकारने तांब्याचे मोठे सेंट मागे घ्यायला सुरुवात केली, तोवर त्यातले कितीतरी तिच्या ऐरणीवरून गेले होते. बोटवाले ते हसून घ्यायचे. डीकन ते अजूनही उलटसुलट करून बघायचे.

कोर्टातून आल्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. तिने दुकान नेहमीसारखंच उघडलं होतं. मी पाव घेऊन गेले तर एक बोटवाला दारात उभा होता, हातात जुनी बंदूक, घोडा अडकलेला. प्रिंडल कुठे आहे, त्याने विचारलं.

“प्रिंडल मिशिगनला असतो,” ती म्हणाली. “बंदुकीला काय झालंय, दाखवा.”

आणि हात पुढे करून तिने ती त्याच्याकडून घेतली.